'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुणाच्या रानात?

द्राक्षवेडा (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात सावळजच्या बाजूला माझी दोन एकर द्राक्षबाग आहे, सुपर सोनाका. बराचसा माल बेदाण्याला जातो. इथले शेतीचे धागे मी नुसता वाचत असतो. आज पहिल्यांदा लिहितोय, कारण डोकं फिरलंय.

फळछाटणी होऊन आज नववा दिवस. डोळे फुगलेत, दोन दिवसांत पोंगा होईल, म्हणजे डोळ्यातनं कोवळा कोंब बाहेर पडेल. म्हणजे इथून पुढचे तीस-पस्तीस दिवस आभाळाकडं बघून काढायचे. ज्यांना द्राक्ष माहीत नाही त्यांच्यासाठी: पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत पान आणि घड दोन्ही कोवळं. संध्याकाळी पाऊस झाला आणि पानं रात्रभर ओली राहिली की आठवड्याच्या आत पानावर तेलकट डाग, उलटं करून बघितलं तर खाली पांढरी लव. हा डाऊनी, बुरशीचा रोग. पानावर आहे तोवर औषधानं आवरते. घडात शिरली की त्या घडाला राम म्हणायचं.

आता गेल्या वर्षीचं ऐका. छाटणीनंतर पंधरा, सोळा, सतरा असे तिन्ही दिवस मोबाइलमधलं ॲप ८० टक्के पाऊस दाखवत होतं. मी तिन्ही दिवस ट्रॅक्टरला ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडला, आगाऊ फवारे मारले. औषध, डिझेल, माणूस, सगळा खर्च झाला आणि थेंब पडला नाही. अठराव्या दिवशी ॲपवर निव्वळ सूर्य. म्हटलं आज सुट्टी. पाहुण्यांकडं मिरजेला गेलो. साडेतीनला उगवतीकडनं ढग आला आणि सव्वा तास ओतला. घरी आलो तर रानात उघडं पडलेल्या घमेल्यात चार बोटं पाणी! ट्रॅक्टर दोन दिवस आत घालता आला नाही, बोदाशी चाकं रुतायची. तोवर व्हायचं ते झालं. निम्मी बाग गेली म्हणा.

आणि गंमत अशी की माझ्या चुलतभावाचं रान दीड किलोमीटरवर. त्याच्याकडं शिंतोडाही नाही. त्यानं अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं, ते तसंच होतं.

तर माझे प्रश्न. जिल्ह्याला रोज उठून यलो अलर्ट असतो, तो बघून मी करायचं काय? बातम्यांत सांगतात 'तुरळक ठिकाणी', ते तुरळक ठिकाण माझं आहे की भावाचं हे कळायची काही सोय आहे का? व्हॉट्सॲपच्या गटात एक जण दोन महिन्यांच्या तारखा आधीच टाकतो, "१४ ते १७ जोरदार, १८ ला उघडीप" असं. लोक त्याच्यावर छाटण्या धरतात. खरं असतं का ते? चंद्रावर यान उतरवलं आपण, पण माझ्या दोन एकरांवर उद्या पाऊस आहे की नाही एवढं सांगता येत नाही. राग येतो, म्हणून लिहिलं. कुणाला चुकीचं वाटलं तर सांभाळून घ्या.

वाडीवस्ती

आमचे आजोबा म्हणायचे, हस्त-चित्राच्या पावसाला बाप नाही. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. तुमचं घमेलं म्हणजे भिजलेलं शिंग. ॲप काढून टाका, झोप तरी लागेल.

ढगोबा

द्राक्षवेडा, नमस्कार. रागाचं वाईट वाटलं नाही. हवामान खात्यात तेहतीस वर्षं काढली, राग हा आमचा निम्मा पगार होता. बरीचशी नोकरी पुण्यात झाली. पुण्यात आजही 'सिमला ऑफिस' म्हटलं की रिक्षावाला बरोबर शिवाजीनगरला आणून सोडतो. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, पुढं ते दिल्लीला गेलं, पण चौकाला नाव चिकटलं ते चिकटलंच. आता निवृत्त आहे. इथं लिहितो ते माझं, खात्याचं नव्हे.

आधी घमेल्याचं बोलू. घमेल्याचं तोंड रुंद आणि बूड अरुंद. वर पडलेलं सगळं पाणी खालच्या कमी जागेत साठतं, म्हणून चार बोटं दिसली. खरा पाऊस बराच कमी असणार. उभ्या भिंतींचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा, झाडा-भिंतीपासून लांब, आणि शाळेची फूटपट्टी बुडवा. दहा मिलिमीटर म्हणजे पट्टीवर एक सेंटिमीटर, इतकं सोपं आहे. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण सगळ्या देशाचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असाच मोजतात. यात एक ग्यानबाची मेख आहे: मंगळवारी संध्याकाळी तुमच्याकडं कोसळलेला पाऊस खात्याच्या तक्त्यात बुधवारच्या तारखेला दिसतो. "काल इथं ढगफुटी झाली आणि आकड्यात शून्य" असे कितीतरी फोन मी घेतलेत.

आता 'तुरळक'. हा शब्द आम्ही मोघम बोलण्यासाठी वापरत नाही, त्याला माप आहे. एखाद्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. पावापासून निम्म्यापर्यंत 'काही ठिकाणी', निम्म्याच्या पुढं पाऊण हिश्शापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यावर गेलं की 'बहुतेक ठिकाणी'. म्हणजे बातमीतल्या 'तुरळक'चा अर्थ, चार गावांत फार तर एकाला. भावाचं सोयाबीन कोरडं राहिलं तेव्हा अंदाज चुकला नव्हता, तो दीड किलोमीटरच्या आत खरा ठरला होता. तुम्हाला याचा उपयोग शून्य, ते मला कळतं.

त्यात भर म्हणजे तो 'भाग' केवढा. पावसासाठी देशाचे ३६ उपविभाग केलेत आणि आपल्या वाट्याला चार आलेत: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. तुमचा सांगली जिल्हा 'मध्य महाराष्ट्रा'त, आणि जळगावही त्यातच. बातमीदार वेळ वाचवायला जिल्ह्यांची यादी गाळतो आणि उपविभाग तेवढा वाचतो. तो ऐकून छाटणी धरणं म्हणजे भुसावळचं ऐकून कवठे महांकाळात छत्री उघडणं.

यलो अलर्टबद्दल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं सोडून आधी कृती करा. ऑक्टोबरात पिवळा बहुतेक वेळा विजा, गडगडाट आणि ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वाऱ्यासाठी असतो. तो आधी माणसाच्या जिवासाठी आहे. आपल्या देशात वीज पडून वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात, त्यात शेतात काम करणारी सगळ्यांत जास्त. तुमच्या डाऊनीसाठी तो रंग कुणी बनवलेला नाही. पावसाचंही तसंच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला तरच आमच्या भाषेत 'जोरदार'. १५.५ पर्यंत 'हलका'. संध्याकाळी चार वाजता पडलेला दहा मिलिमीटरचा पाऊस खात्याच्या वहीत हलका आणि तुमच्या पोंग्यासाठी काळ. दोघंही खरं बोलतात, फक्त धोका कशाला म्हणायचं याची रेघ वेगळ्या ठिकाणी मारलीय. अख्ख्या देशाला एकच रेघ मारावी लागते. तुमची तुम्ही मारायची.

आता मूळ दुखणं. मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस ही दोन वेगळी जनावरं आहेत. जुलैत समुद्रावरून वारा सलग येतो, ढगांची चादर शेकडो किलोमीटरची असते. ऑक्टोबरात ती चादर विरते. सकाळ लख्ख, ऊन कडक, जमिनीत पावसाळ्याची ओल अजून आहे, वर वाऱ्याला जोर नाही. दुपारी तापलेली दमट हवा उभी चढते आणि दोन-तीनच्या सुमाराला ढगाचा मनोरा तयार. उंची बारा-पंधरा किलोमीटर, रुंदी पाच ते दहा, आयुष्य तासाभराचं. ढकलायला वारा नसला तर जिथं उभा राहिला तिथंच रिकामा होतो. तुमचा ढग उगवतीकडनं आला हे तुम्ही बरोबर टिपलंत, या दिवसांत वरचा वारा पूर्वेचा व्हायला लागतो.

गणित करणारं संगणकाचं प्रारूप देशाचा नकाशा चौकटींत कापतं. वर्षानुवर्षं ती चौकट १२ किलोमीटरची होती, मे २०२५ मध्ये आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये ती ६ ची झाली. मोठी उडी आहे, पुण्याच्याच पोरांनी मारलेली. पण पाच किलोमीटरच्या ढगाला सहा किलोमीटरच्या चौकटीत धरणं म्हणजे पोहे चाळायच्या चाळणीनं रवा चाळणं. प्रारूप एवढं सांगू शकतं की आज सांगलीच्या पूर्व भागात हवा ढग उभे करायच्या बेतात आहे. कुठल्या बांधावर, ते त्या ढगालाही दोन वाजेपर्यंत ठाऊक नसतं. तुमच्या ॲपवरचे ८० टक्के म्हणजे बहुधा अशाच एका चौकटीचा आकडा, वर चित्र चिकटवलेलं. आणि त्या दिवशीचा सूर्य? तोही तसलाच.

दोन महिन्यांच्या तारखांवर मी एवढंच म्हणेन: ढगोबाच्या तेहतीस वर्षांत ती विद्या कुणी शिकवली नाही. खातं स्वतः दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, पण तो 'या आठवड्यात सरासरीपेक्षा जास्त की कमी' एवढाच. तारीख देत नाही, कारण देता येत नाही.

मग आधी काय दिसतं? जे मोठं असतं ते. १३ ऑक्टोबर २०२० आठवतो का? बंगालच्या उपसागरातलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं, हैदराबाद बुडवलं, विरत विरत सोलापूर-पंढरपूर-सांगलीवरून १४ तारखेच्या रात्री पुण्यापर्यंत आलं आणि पुढं अरबी समुद्रात उतरलं. अशी प्रणाली शेकडो किलोमीटरची असते आणि दिवसेंदिवस जगते, म्हणून ती चार-पाच दिवस आधी नकाशावर दिसते. तुमच्या कामाचं सूत्र हे: संकट जेवढं पसरट, तेवढं लांबून दिसतं. उपसागरात काही शिजत असेल तर चार दिवस हातात आहेत. नुसती हवा तापलेली असेल तर आदल्या दिवशी 'उद्या जपून' एवढं कळेल. ढग उभा राहिला की तीन तासांचा तात्काळ इशारा. वीज म्हणाल तर मिनिटांचा हिशेब.

ऑक्टोबरातली रात्रपाळी कशी असते ते सांगतो, थोडं विषयांतर होईल. नकाशाच्या एका टोकाला काश्मीर, तिथं सफरचंदं अजून झाडावर आणि पश्चिमेकडनं बर्फ येऊ घातलेला. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलेल्या बर्फानं तिथल्या बागांच्या फांद्या मोडल्या. खाली उत्तराखंड, तिथं २०२१ च्या १९ ऑक्टोबरला मुक्तेश्वरच्या वेधशाळेत २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर मोजला गेला. १८९७ पासूनच्या नोंदींत एवढा कधी नव्हता. पूर्वेला उपसागर चक्रीवादळं घडवतोय. दक्षिणेला तमिळनाडू वाट बघतंय, त्यांचा खरा पावसाळा आता सुरू होणार. आणि मध्ये तुम्ही, दहा मिलिमीटरसाठी जीव मुठीत धरून. पाऊस राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या आसपास मागं फिरायला लागतो, मुंबईतून ८ ऑक्टोबर, सगळ्या देशातून १५ ऑक्टोबर, अशा सरासरी तारखा २०२० पासून धरतात. त्याआधी राजस्थानची तारीख १ सप्टेंबर होती. म्हणजे पाऊस उशिरा हटतो हे खात्यानंही कागदावर मान्य केलंय. तुमच्या छाटणीच्या तारखा मात्र वडिलांच्या काळच्या असतील, तर त्याकडं एकदा बघा.

फार लिहिलं. चहा निवला.

द्राक्षवेडा

सर, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. 'तुरळक' म्हणजे पाव हिस्सा, हे घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. भाऊ हसला, म्हणाला मग वर्षाआड एकेकाची पाळी ठरवू.

छाटणीचं म्हणाल तर आमच्या वडिलांनी घटस्थापना धरून छाटणी केली, म्हणून आम्हीही करतो. उशिरा घ्यावी तर माल उशिरा येतो, बेदाण्याला शेडवर जागा मिळत नाही आणि मग एप्रिलात वळवाची भीती. इकडं आड तिकडं विहीर.

पण माझा अडचणीचा प्रश्न तोच राहतो. हवा तापलेली तर ऑक्टोबरात रोजच असते. मग रोजच फवारायचं का?

ढगोबा

नाही. रोज फवारणार असाल तर अंदाजाची गरजच काय?

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांचा. 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचता येतो. पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचाही सल्ला येतो, तो तर बागेच्या दिवसांच्या हिशेबानं असतो. तुम्ही सांगितलेल्या कोवळ्या दिवसांत मंगळवार-शुक्रवार चुकवू नका. उपसागरात काही आहे असं त्यात दिसलं तर आधी फवारून घ्या, विचार करत बसू नका. नुसता तुरळक असेल तर बागेत माणूस, औषध आणि ट्रॅक्टर तयार ठेवा आणि दुपारी दोननंतर तात्काळ इशारे बघत राहा. ढग येऊन गेला तर रान वापशात यायच्या आधी पाठीवरच्या पंपानं तरी कसं शिरता येईल, याची सोय आत्ताच करा. गेल्या वर्षी तुमचं नुकसान अठराव्या दिवशीच्या पावसानं कमी आणि पुढच्या दोन दिवसांच्या चिखलानं जास्त केलं, असं मला वाचताना वाटलं. चूक असेन तर सांगा.

रडारचं चित्र बघणार असाल तर एक सावधगिरी. गोव्याचं रडार तुमच्यापासून सरळ रेषेत पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री. पृथ्वी गोल असल्यामुळं एवढ्या अंतरावर त्याचा किरण तुमच्या डोक्यावरून चारेक किलोमीटर उंचीनं जातो. ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. तेव्हा चित्र कोरं असलं तरी उगवतीकडं मान वळवून बघत जा.

खलाशाचा पोर

हर्णैवरून. आमच्याकडं भात कापून आडवं पडलेलं असतं आणि त्याच वेळी हा परतीचा येतो. 'पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा' ही म्हण काय उगाच नाय. भिजलेल्या भाताला कोंब येतात, मग त्याला कोण विचारतो?

पण मी लिहितोय ते दर्याचं. २०१९ ची दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. त्याच दिवसांत क्यार वादळ आमच्या समोरच, रत्नागिरीच्या बाहेर दर्यात उठलं आणि वाढत वाढत थेट सुपर सायक्लोन झालं. किनाऱ्याला लागलं नाही, ओमानच्या बाजूला गेलं. बंदरावर बावटा चढला होता, आमची होडी जयगडच्या खाडीत नेऊन बांधली. बाबा तेव्हा चिडले होते, ऐन हंगामात आठ दिवस बसून काढायचे म्हणजे खलाशांचा पगार अंगावर. वादळ गेलं लांब, मग लोक म्हणायला लागले उगाच घाबरवलं. मी म्हणतो बसलो म्हणून तर बोलायला राहिलो ना.

दोन वर्षं आधीचं ओखी वादळ आठवा. नोव्हेंबरच्या शेवटी केरळ-तमिळनाडूचे खलाशी आधीच आठ-दहा दिवसांच्या वाटेवर खोल दर्यात होते. इशारा निघाला तरी त्यांच्यापर्यंत जायचा कसा? तिकडं फोन लागत नाही, वायरलेसची पोच थोडी. कितीतरी परत आलेच नाहीत. साठावर बोटी वादळाच्या पुढं पळत पळत आपल्या देवगडला आल्या, तिथं आपल्या लोकांनी त्यांना जेवू घातलं. भाषा कळत नव्हती, भात-कालवण कळत होतं.

द्राक्षवेडा दादा, तुमचा ढग तासभराचा आणि आमचं वादळ आठवड्याचं, पण कळल्यावर हालचाल करायला वेळ उरला पाहिजे हे दोघांचं सारखंच.

बेरहामपूरकर

मी मूळचा लातूरचा. बँकेच्या नोकरीत २०१३ साली ओडिशात गंजाम जिल्ह्यात होतो, बेरहामपूरला. दुर्गापूजेचे दिवस. १२ ऑक्टोबरला रात्री फायलीन चक्रीवादळ गोपालपूरला धडकलं, आमच्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. वारा ताशी दोनशेच्या पुढं.

ढगोबा सर म्हणतात ते 'लांबून दिसणं' मी अंगावर घेतलंय, म्हणून लिहितो. चार दिवस आधीपासून रोज सकाळी घरमालक रेडिओ लावून बसायचे. जागा तीच सांगत होते, गोपालपूरच्या आसपास. वेळ तेवढी घट्ट होत गेली. परदेशातल्या काही संस्था 'सुपर सायक्लोन' म्हणत होत्या, आपलं खातं आपल्या आकड्यावर ठाम राहिलं आणि खरं ठरलं. दोन दिवसांत किनाऱ्यावरची दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली. ट्रक, बस, मिळेल त्यात. म्हाताऱ्या बायका कोंबड्या काखेत मारून बसल्या होत्या.

घरमालकांनी १९९९ च्या २९ ऑक्टोबरचं चक्रीवादळ पाहिलेलं, पारादीपकडचं. तेव्हा जवळपास १० हजार माणसं गेली. ते सांगायचे, इशारा तेव्हाही झाला होता, पण जायचं कुठं? पक्की निवारा घरं बोटावर मोजण्याइतकी. चौदा वर्षांत ओडिशानं ती बांधली, गावागावांत पोरं तयार केली. फायलीनमध्ये मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. त्या रात्री आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उडून तिसऱ्या घरावर गेली, पुढं बरेच दिवस वीज नव्हती, बँकेत मेणबत्तीवर खाती लिहिली. पण सकाळी गल्लीत सगळी माणसं मोजली तर सगळी होती.

पुढच्या वर्षी बरोबर त्याच तारखेला, १२ ऑक्टोबर २०१४ ला, हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं. आमच्या शाखेत त्या दिवसापासून १२ ऑक्टोबरला कुणी लग्नाची तारीख धरत नाही.

वाडीवस्ती

माझं बैलाचं शिंग मागं घेतो. पण ढगोबा, विजेचं राहिलं की. आमच्याकडं गेल्या साली शेळ्या राखणारा पोरगा गेला, लिंबाखाली उभा होता.

ढगोबा

वाईट झालं. हे आधीच लिहायला हवं होतं मी, पावसाच्या नादात मागं पडलं.

'दामिनी' ॲप घ्या, आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय. तुम्ही उभे आहात तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात आत्ता, गेल्या काही मिनिटांत, वीज कुठं पडली ते दिसतं. फोन नसेल तर मोजा: चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडा आणि पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली कधीच नाही. द्राक्षवेडा, तुमच्या बागेला लोखंडी अँगल आणि तारा असणार. त्या तारेला हात लावून कुणी मजूर उभा राहणार नाही एवढं बघा. एकीकडं वीज पडली तर तार ती पलीकडच्या टोकापर्यंत नेते.

द्राक्षवेडा

चिखलाचं तुम्ही बोललात ते खरं आहे, सर. रात्री झोप लागली नाही, तेच आठवत राहिलं.

आज सोळावा दिवस. मधल्या काळात केलं ते सांगतो. मुख्य वाटेच्या दोन ओळींमध्ये मुरूम टाकून घेतला, म्हणजे पाऊस झाला तरी निम्म्या बागेत ब्लोअर शिरेल. उरलेल्या बागेला पाठीवरचे दोन पंप भाड्यानं सांगून ठेवलेत. व्हॉट्सॲपचा गट सोडला नाही, बायको म्हणाली करमणूक राहू दे. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं वरचं झाकण कापून रानात खांबावर बसवला, भावानंही त्याच्याकडं तसाच एक बसवला. गेल्या गुरुवारी पाऊस झाला: माझ्याकडं ४ मिलिमीटर, त्याच्याकडं ११. पाळी त्याची होती.

काल मंगळवारचा सल्ला वाचला. उपसागरात काही नाही, तुरळक ठिकाणी आहे. म्हणून सकाळी फवारलं नाही. आत्ता सव्वातीन वाजलेत. उगवतीला कवठे महांकाळच्या अंगाला एक ढग उभा राहिलाय, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा, बूड काळं. दामिनीवर ४० च्या वर्तुळात दोन ठिपके आलेत. बायकांना तारेखालून काढून शेडमध्ये बसवलंय, पाण्यात औषध कालवायला घेतलंय. डबा उद्या साडेआठला वाचून लिहितो.